लोक म्हणजे नेमके कोण?

या कार्यक्रमात आम्ही आजवर कमाईच्या, कायद्याच्या, आरोग्याच्या गोष्टी सांगितल्या. आज खेळाच्या मैदानावरचा इतिहास सांगणार आहोत. विषय थोडा अवघड आहे. चारचौघींत तो निघाला की कोणी तोंडाला पदर लावून हसतं, कोणी चहा टाकायच्या निमित्ताने उठून जातं. तरी आज शेवटपर्यंत बसा, कारण ही गोष्ट आपल्या ओळखीच्या एका वाक्याची आहे. ते वाक्य म्हणजे, "लोक काय म्हणतील?"

काही बायांचं मन बाईवर जडतं, काही पुरुषांचं पुरुषावर. अशा माणसांना आपण समलैंगिक म्हणतो. ती सगळीकडे असतात. शेतात, कचेरीत, कारखान्यात असतात, तशी मैदानावरही असतात. पण खेळाडू हा हजारो डोळ्यांसमोर जगणारा माणूस. त्याच्या खेळावर तिकिटं खपतात, जाहिराती मिळतात, देशाचं नाव होतं. त्यामुळे अशा खेळाडूचं खरं बाहेर आलं की लोक काय म्हणतात, काय करतात, हे सगळं वर्तमानपत्रात छापून येतं. तारखांसकट नोंद राहते. आपल्या गावात कुणाच्या घरी असं काही घडलं तर ते दाराआड राहतं. म्हणून हा इतिहास खेळाडूंकडून समजून घ्यायचा.

सुरुवात करू टेनिसपासून. अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात लाँग बीच नावाचं शहर आहे. तिथल्या अग्निशमन दलातल्या एका जवानाची मुलगी बिली जीन किंग. जन्म 1943 चा. साध्या घरातली ही मुलगी पुढे जगातली अव्वल टेनिसपटू झाली. टेनिसच्या चार सर्वांत मोठ्या स्पर्धांची, एकेरी आणि दुहेरी मिळून, 39 विजेतेपदं तिच्या नावावर आहेत. पण आपल्याला ती आवडेल ती दुसऱ्या कारणाने. 1968 साली विम्बल्डन जिंकल्यावर तिला 750 पौंड मिळाले आणि पुरुषांच्या विजेत्याला 2000 पौंड. मैदान तेच, स्पर्धा तीच. हे तिला सहन झालं नाही. 1970 मध्ये ती आणि आणखी आठ जणी, अशा नऊ खेळाडूंनी बायकांची वेगळी स्पर्धा खेळायचं ठरवलं आणि एकेका डॉलरच्या करारावर सह्या केल्या. मैत्रिणींनो, एक डॉलर! आपल्यातल्या कितीतरी गटांची पहिली बचतही अशीच चार-दोन रुपयांची होती. एकत्र आल्यावर त्या छोट्या रकमेचं काय होतं हे आपल्याला कुणी शिकवायला नको. 1973 मध्ये या खेळाडूंची जागतिक संघटना उभी राहिली आणि त्याच वर्षी अमेरिकन खुल्या स्पर्धेत बायकांना पुरुषांइतकं बक्षीस मिळालं. त्याच वर्षी, बायकांच्या टेनिसची टिंगल करणाऱ्या बॉबी रिग्ज या जुन्या विजेत्याला तिने तीस हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर सरळ तीन सेटमध्ये हरवलं. लोकांनी तिला डोक्यावर घेतलं.

आणि मग 1981 साल उजाडलं. बिली जीनचं लग्न झालेलं होतं. पण मधल्या काळात तिचे एका स्त्रीशी संबंध होते. ते संपल्यावर त्या स्त्रीने तिच्यावर दावा लावला, घर मागितलं, आयुष्यभराची पोटगी मागितली. मे महिन्यात ही बातमी जगभर झाली. वकील आणि प्रसिद्धीचं काम बघणारी माणसं म्हणाली, काही बोलू नकोस, नाकारून टाक. बिली जीनने नकार दिला. आई-वडील आणि नवरा यांना सोबत घेऊन ती पत्रकारांसमोर बसली आणि म्हणाली, हो, हे नातं होतं.

आता इथे नीट लक्ष द्या. ज्या "लोकां"ना आपण घाबरतो, ते या गोष्टीत कोण होते? पुढे न्यायालयाने त्या स्त्रीचा दावा फेटाळला. म्हणजे कायद्याने तिला दोषी ठरवलं नाही. पण चोवीस तासांच्या आत तिचे जाहिरातींचे करार हातातून गेले. कपडे, बूट, रॅकेट, ज्या ज्या वस्तूंसाठी कंपन्या तिचा चेहरा वापरत होत्या, त्या सगळ्यांनी पाठ फिरवली. ती खेळातून बाहेर पडायच्या विचारात होती. पण वकिलांची बिलं भरायची होती. म्हणून ती खेळत राहिली. 1982 आणि 1983 अशी दोन्ही वर्षं ती विम्बल्डनच्या उपांत्य फेरीत पोहोचली, तेही अडतिसाव्या आणि एकोणचाळिसाव्या वर्षी. लोकांनी कौतुक केलं, काय जिद्द आहे म्हणून! त्या जिद्दीमागे कर्जाचा हिशेब होता, तो किती जणांना दिसला?

आपल्या भाषेत "पत" हा शब्द आहे. बँकेत आपली पत असते आणि गावातही असते. दोन्हीकडे शब्द एकच. बिली जीनच्या बाबतीत दोन्ही पती एकाच दिवशी गेल्या. तिचा खेळ कालच्याइतकाच चांगला होता. ती चोर नव्हती, खोटारडी नव्हती, उलट तिने खरं सांगितलं होतं. तरी पैसे देणारे निघून गेले, कारण त्यांना वाटलं की आता गिऱ्हाईक काय म्हणेल. गिऱ्हाइकाला कुणी विचारलं नव्हतं. गिऱ्हाइकाच्या नावाने त्यांनी स्वतःच ठरवून टाकलं. "लोक काय म्हणतील" या वाक्याचं बळ हे असं असतं. लोक अजून काही बोललेले नसतात, तोवरच आपण त्यांच्या वतीने शिक्षा देऊन मोकळे होतो.

त्याच 1981 साली, त्याच खेळात, दुसरी गोष्ट घडली. मार्टिना नवरातिलोवा ही मूळची झेकोस्लोव्हाकिया देशाची. तिथे कम्युनिस्ट राजवट होती. कुठे खेळायचं, कधी परत यायचं, सगळ्यावर सरकारचं लक्ष. 1975 मध्ये, अवघ्या अठराव्या वर्षी, तिने अमेरिकेत आश्रय मागितला. आई-वडील, बहीण सगळे मागे राहिले. 1981 च्या जुलैमध्ये तिला अमेरिकेचं नागरिकत्व मिळालं. तिला भीती होती, कारण त्या काळी अमेरिकेच्या कायद्यात परदेशातून आलेल्या समलैंगिक माणसाला दार बंद करण्याची सोय होती. ती तरतूद 1990 पर्यंत टिकली. नागरिकत्व मिळाल्याला पंधरवडाही झाला नव्हता, तोच न्यूयॉर्कच्या एका वर्तमानपत्राने तिच्या नात्याबद्दल छापलं. हे एवढ्यात छापू नका, अशी विनंती तिने केली होती. बायकांच्या टेनिसला पैसा पुरवणारे मागे हटले तर आपल्यामुळे सगळ्याच मुलींचं नुकसान होईल, ही तिची काळजी होती. विनंती कुणी ऐकली नाही.

त्यानंतर सहा आठवड्यांत ती न्यूयॉर्कमध्येच अमेरिकन खुल्या स्पर्धेच्या अंतिम सामन्यात उतरली. समोर अमेरिकेचीच लाडकी, अठरा वर्षांची ट्रेसी ऑस्टिन. मार्टिनाने पहिला सेट सहज घेतला आणि पुढचे दोन अटीतटीत गमावले. हरली. बक्षीस वाटपाला ती उभी राहिली तेव्हा प्रेक्षकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, आणि त्या थांबेनातच. मार्टिना रडली. हरल्याचं दुःख होतंच, पण ज्या देशाने नुकतंच आपलं म्हटलं, ज्या शहरातल्या वर्तमानपत्राने तिचं खाजगी जगणं चव्हाट्यावर आणलं, त्याच शहरातली माणसं तिच्यासाठी उभी होती.

सगळं गोड झालं असं मात्र नाही. पुढची अनेक वर्षं ती जगातली सर्वांत चांगली खेळाडू होती. 1983 साली ती 86 सामने जिंकली आणि फक्त एक हरली. विम्बल्डनची एकेरी तिने नऊ वेळा जिंकली. तरीही टेनिसबाहेरच्या वस्तूंच्या जाहिराती तिच्याकडे फारशा फिरकल्या नाहीत. गाडीच्या एका मोठ्या जाहिरातीत ती झळकली ती 2000 साली. म्हणजे एकोणीस वर्षांनी. प्रेक्षकांनी टाळ्या सहा आठवड्यांत दिल्या, बाजाराला एकोणीस वर्षं लागली.

आता बायकांकडून पुरुषांकडे येऊ, आणि टेनिसकडून फुटबॉलकडे. ही गोष्ट दुःखाची आहे. जस्टिन फाशानू हा इंग्लंडमधला काळा खेळाडू. लहानपणी तो आणि त्याचा भाऊ जॉन अनाथाश्रमात होते, मग एका गोऱ्या कुटुंबाने दोघांना सांभाळलं. जस्टिनचा खेळ असा की 1981 साली नॉटिंगहॅम फॉरेस्ट या संघाने त्याला दहा लाख पौंड देऊन घेतलं. एवढी किंमत मिळालेला तो पहिला काळा फुटबॉलपटू. पण तो समलैंगिक माणसांच्या क्लबात जातो हे कळल्यावर संघाचे व्यवस्थापक ब्रायन क्लफ यांनी त्याचा पाणउतारा केला आणि सरावाला येण्यास मज्जाव केला. त्याची घसरण तिथून सुरू झाली.

1990 च्या ऑक्टोबरमध्ये त्याने स्वतःच एका मोठ्या खपाच्या वर्तमानपत्राला सगळं सांगितलं. पहिल्या पानावर मथळा झाला. मैदानावर प्रेक्षक आधी कातडीच्या रंगावरून शिव्या देत होतेच, आता दुसऱ्या शिव्यांची भर पडली. पण सर्वांत मोठा घाव घरातून आला. सख्खा भाऊ जॉन, तोही नावाजलेला फुटबॉलपटू, त्याने वर्तमानपत्रातून भावाला जाहीरपणे दूर लोटलं. ज्या दोघांनी अनाथाश्रमात एकमेकांचा हात धरला होता, त्यांतला एक हात सुटला. पुढे खूप वर्षांनी जॉनने सांगितलं की जस्टिनने गप्प राहावं म्हणून आपण त्याला पैसेही दिले होते. आपल्या वागण्याचा पश्चात्तापही त्याने बोलून दाखवला. पण तोवर ऐकायला जस्टिन नव्हता. 1998 साली अमेरिकेत एका सतरा वर्षांच्या मुलाने त्याच्यावर लैंगिक अत्याचाराचा आरोप केला. तो जस्टिनने नाकारला. खटला उभा राहण्याआधीच, मे महिन्यात, त्याने लंडनमध्ये आपलं आयुष्य संपवलं. वय 37.

आरोपाची शहानिशा न्यायालयात व्हायला हवी होती, ती झाली नाही. त्याबद्दल आम्ही निवाडा देत नाही. पण एवढं नक्की दिसतं की त्याच्यामागे उभं राहणारं माणूस उरलं नव्हतं. आणि या गोष्टीचा धसका किती मोठा होता बघा. जस्टिननंतर इंग्लंडमधल्या, खेळत असलेल्या कुणा व्यावसायिक पुरुष फुटबॉलपटूने हे उघडपणे सांगायला 2022 साल उजाडावं लागलं. मध्ये बत्तीस वर्षं गेली. या बत्तीस वर्षांत दुसरा असा खेळाडूच नव्हता का? होतेच असणार. ते फक्त गप्प होते. आपल्याकडे असं काही नाही, असं जेव्हा कुणी छातीठोकपणे म्हणतं, तेव्हा ही बत्तीस वर्षं आठवावीत.

2022 च्या मे महिन्यात बोलला तो जेक डॅनियल्स, ब्लॅकपूल संघाचा सतरा वर्षांचा मुलगा. आधी त्याने आई आणि बहिणीला सांगितलं, मग संघातल्या मुलांना, मग जगाला. देशाच्या पंतप्रधानांपासून राष्ट्रीय संघाच्या कर्णधारापर्यंत सगळ्यांनी त्याला शाबासकी दिली.

हा बदल एका दिवसात झाला नाही. मधल्या काळातला एक टप्पा अमेरिकेतल्या बास्केटबॉलचा आहे. 2013 च्या एप्रिलमध्ये जेसन कॉलिन्स या खेळाडूने एका क्रीडा साप्ताहिकात स्वतः लेख लिहून आपण समलैंगिक असल्याचं सांगितलं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा यांनी त्याला फोन केला. पण हंगाम सुरू झाला तेव्हा कोणत्याही संघाने त्याला घेतलं नाही. वय झालं होतं म्हणून, की दुसऱ्या कारणाने, अशी कुजबुज चालू राहिली. अखेर 2014 च्या फेब्रुवारीत ब्रुकलिनच्या संघाने बोलावलं. त्याच्या पाठीवरचा आकडा होता 98. मॅथ्यू शेपर्ड नावाच्या समलैंगिक विद्यार्थ्याचा 1998 साली निर्घृण खून झाला होता, त्याची ती आठवण. आणि गंमत अशी की त्याच आठवड्यात त्या स्पर्धेच्या अधिकृत दुकानात सर्वांत जास्त खप कॉलिन्सच्या 98 नंबरच्या बनियनचा होता. बिली जीनच्या वेळी कंपन्यांनी गिऱ्हाइकाच्या नावाने दार लावलं होतं. तेहेतीस वर्षांनी खरं गिऱ्हाईक दुकानात आलं आणि त्याने पैसे मोजून उत्तर दिलं.

मैत्रिणींनो, हे सगळं परदेशातलं झालं. आपल्या देशात असं कुणी बोललं का? बोललं, आणि बोलली ती खेड्यातली मुलगी.

ओडिशा राज्यात जाजपूर जिल्हा आहे. तिथल्या चाका गोपालपूर गावात एका विणकराच्या घरी 1996 साली दुती चंदचा जन्म झाला. सात भावंडं, हातमागावर चालणारं घर. मोठी बहीण धावायची, तिच्या मागे दुती धावू लागली. 2014 साली, अठरा वर्षांची असताना, तिच्यावर पहिलं संकट आलं. तिच्या शरीरात पुरुषी संप्रेरकाचं नैसर्गिक प्रमाण जास्त आहे असं सांगून तिला राष्ट्रकुल स्पर्धेच्या संघातून वगळलं. इथे एक गोष्ट स्पष्ट करू, कारण लोक दोन्हींची गल्लत करतात. हा प्रश्न शरीराच्या तपासणीचा होता, मन कुणावर जडतं याचा नव्हता. दुती स्वित्झर्लंडमधल्या क्रीडा लवादापर्यंत गेली आणि 2015 मध्ये लवादाने तो नियम स्थगित केला. 2016 च्या ऑलिम्पिकमध्ये ती शंभर मीटर धावली. पी. टी. उषानंतर छत्तीस वर्षांनी भारताची मुलगी या शर्यतीत दिसली. 2018 च्या आशियाई स्पर्धेत तिने दोन रौप्यपदकं आणली. राज्य सरकारने तीन कोटी रुपये जाहीर केले. गावाची मान उंच झाली.

त्याच 2018 सालच्या 6 सप्टेंबरला सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की दोन सज्ञान माणसांनी आपसांत, संमतीने ठेवलेलं समलैंगिक नातं हा गुन्हा नाही. इंग्रजांनी 1860 मध्ये करून ठेवलेला कायदा तेवढ्यापुरता रद्द झाला. या निकालाने दुतीला धीर दिला. 2019 च्या मे महिन्यात तिने जाहीर केलं की आपल्याच गावातल्या एका मुलीवर आपलं प्रेम आहे. त्या मुलीचं नाव तिने सांगितलं नाही. तिच्यामागे लोक लागू नयेत, ही तिची इच्छा. खेळाच्या जगात असं उघड बोलणारी ती भारतातली पहिली. पण हेही तिने मनाची वेळ बघून सांगितलेलं नव्हतं. घरातूनच आपल्याला धमकावलं जात होतं, पैसे मागितले जात होते, म्हणून बोलावं लागलं, असं ती पत्रकारांना म्हणाली. घरच्यांचं म्हणणं वेगळं होतं. बाहेरचे लोक दुतीच्या पैशावर डोळा ठेवून आहेत, असं ते सांगत होते. कोण खरं, कोण खोटं, हे ठरवायला आम्ही बसलेलो नाही. पण ओळखीचं वाटतंय ना? कमावत्या मुलीचं मन आणि कमावत्या मुलीचं पासबुक, दोन्हीवर हक्क कुणाचा, हा वाद आपल्या गटातल्या किती घरांत चालतो!

आता बिली जीनची आठवण ठेवून पुढचं ऐका. जुलैमध्ये दुती इटलीतल्या नेपल्स शहरात जागतिक विद्यापीठ स्पर्धेत उतरली आणि शंभर मीटरचं सुवर्णपदक 11.32 सेकंदांत जिंकली. हे करणारी ती पहिली भारतीय स्त्री. ऑगस्टमध्ये बूट बनवणाऱ्या एका जागतिक कंपनीने तिला दोन वर्षांसाठी करारबद्ध केलं. 1981 साली खरं सांगितल्यावर चोवीस तासांत करार गेले होते. 2019 साली खरं सांगितल्यावर तीन महिन्यांत करार आला. देशातून, परदेशातून शाबासकी आली.

आणि घर? घर तसंच अडून राहिलं. बहीण उघडपणे विरोधात बोलली. आईनेही हे नातं मान्य नाही असं सांगितलं. आमचा विणकरांचा जुन्या वळणाचा समाज, त्यात हे बसत नाही, असं तिचं म्हणणं होतं. गावातूनही नाराजीचे सूर बातम्यांत आले.

त्या आईला नावं ठेवणं सोपं आहे. आम्ही ती ठेवणार नाही. दुती नेपल्सला गेली, भुवनेश्वरला राहिली, तिला तिच्यासारखी माणसं भेटली. आईला मात्र तीच गल्ली, तोच नळ, तेच शेजारी. मुलीला शाबासकी देणारे लोक आईच्या दारात कधी आले नाहीत. आईच्या दारात येणारे लोक वेगळे होते आणि तिला त्यांच्यातच उठायचं-बसायचं होतं. मुलीची सोबत करणं तिला जड गेलं, कारण आईची सोबत करायला कुणी नव्हतं. हे आम्हाला या सगळ्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. आई एकटी बदलत नाही. तिच्या दोन्ही बाजूंच्या शेजारणी थोड्या सरकल्या, तर तिला उभं राहायला जागा होते.

दुतीची गोष्ट पुढे सरळ गेली नाही हेही सांगायला हवं. 2023 साली बंदी असलेल्या औषधांच्या तपासणीत ती अडकली आणि तिच्यावर चार वर्षांची बंदी आली. काहीजण लगेच जुनं उकरून काढतात, म्हणतात, बघा, अशीच असतात ही. आपण हिशेब ठेवणाऱ्या बाया आहोत. एका खात्याची चूक दुसऱ्या खात्यात लिहीत नाही. औषधांचा नियम मोडला त्याची शिक्षा तिला त्या नियमाने मिळाली. कुणावर प्रेम केलं, हे त्या पानावर येत नाही.

आता सगळं एकत्र मांडून बघू. "लोक" हा एकच गठ्ठा नसतो, हे या चाळीस वर्षांनी दाखवलं. त्यात पैसे देणारे असतात. ते 1981 मध्ये सर्वांत आधी पळाले आणि वारं फिरल्यावर परतही आले. त्यात वर्तमानपत्रं असतात. त्यांनी मार्टिनाची विनंती धुडकावली. त्यात प्रेक्षक असतात. ते शिव्याही देतात आणि कधीकधी, कुणाची अपेक्षा नसताना, उभे राहून टाळ्याही वाजवतात. आणि त्यात घर असतं. भाऊ, बहीण, आई. बाजाराने आपलं मत वीस-तीस वर्षांत बदललं. घराला अजून वेळ लागतो आहे.

आणखी एक गोष्ट बघा. बिली जीनची गोष्ट कोर्टाच्या दाव्याने बाहेर काढली. मार्टिनाची वर्तमानपत्राने. दुतीला दबावाखाली बोलावं लागलं. तिघीही बाया, आणि तिघींच्याही बाबतीत बोलण्याची वेळ दुसऱ्या कुणीतरी ठरवली. याउलट कॉलिन्सने आणि जेक डॅनियल्सने आपली वेळ आपण निवडली, आधी घरच्यांना विश्वासात घेतलं, आणि त्यांचं पुढचं पाऊल सोपं झालं.

आपल्या गावातून आता मुली कबड्डीला जातात, पोलीस भरतीसाठी पहाटे रस्त्यावर धावतात, तालुक्याला, जिल्ह्याला राहतात. उद्या त्यांतली एखादी असं काही तुम्हाला सांगेल. आईला सांगायच्या आधी मावशीला, काकूला किंवा गटातल्या ताईला सांगेल. त्या वेळी तिच्यासाठी "लोक" म्हणजे तुम्ही असाल. मोठं काही करायचं नाही. तिची गोष्ट तिच्या परवानगीशिवाय पुढे नेऊ नका, नळावरही नाही, गटाच्या बैठकीतही नाही. घाईने स्थळ बघून सगळं ठीक होईल असा सल्ला देऊ नका, कारण त्यात दुसऱ्या एका घरातलं पोरही फसतं. तिचा सराव, तिचं शिक्षण, तिचं काम बंद पडू देऊ नका. तिच्या कमाईचं खातं तिच्या नावावर आणि तिच्या हातात राहू द्या. आणि तिची आई गटात असेल, तर बैठकीला तिच्या शेजारची जागा रिकामी ठेवू नका. तिच्याजवळ जाऊन बसा.

बिली जीन किंगने पुढे सांगितलं की आई-वडिलांशी या विषयावर मोकळेपणाने बोलता येईपर्यंत तिचं वय एक्कावन्न झालं होतं. ज्या बाईने भर मैदानात पुरुषाला हरवलं, तिला घरातला उंबरा ओलांडायला एवढी वर्षं लागली. 2020 साली बायकांच्या टेनिसमधल्या देशादेशांच्या सांघिक स्पर्धेला तिचं नाव दिलं गेलं. त्याच चषकाच्या आशिया-ओशनिया गटाचे सामने 2025 च्या एप्रिलमध्ये आपल्या पुण्यात, म्हाळुंगे-बालेवाडीच्या मैदानावर झाले. भारताच्या मुली त्यात खेळल्या, जिंकल्या आणि पुढच्या फेरीत गेल्या. चषकावर नाव होतं त्याच बाईचं, जिच्या नावाला 1981 साली एका दिवसात किंमत उरली नव्हती.

आज इथेच थांबू. या विषयावर तुमच्या मनात काही असेल, तर आम्हाला चिठ्ठी लिहा. नाव लिहिलंच पाहिजे असं नाही. नमस्कार.